शेवटचा शब्द कुणाचा?

आपल्या इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज १८८७ साली सुरू केलं ते कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशनने. त्या प्रोटेस्टंट पंथाची मुळं धर्मसुधारक कॅल्विनपर्यंत जातात. त्याच्याही आधी, १५१७ मध्ये, धर्मसुधारक ल्यूथरने चर्चच्या पापमुक्तीच्या पत्रांवर बोट ठेवलं आणि वाद मुळाशी गेला: शेवटचा शब्द पोपचा की बायबलचा? बायबलचा, तर ते घरच्या भाषेतच हवं.

पंडिता रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावला त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापलं. कॅथलिक फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ तर १६१६ मध्येच छापून झालं होतं.

भांडण युरोपचं होतं. मराठी मात्र प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, दोघांच्याही हातून समृद्ध झाली. हा अंक त्याबद्दलच्या कृतज्ञतेने वाचावा, ही विनंती.