गळ्याशी आलेला प्रश्न

आमच्या केशकर्तनालयात पालिकेचं लायसन फ्रेम करून, हार घालून टांगलेलं आहे. भिंतीवरच्या हारवाल्या माणसाकडून ठेवावी तेवढीच अपेक्षा मी त्याच्याकडून ठेवतो.

परवा भीतभीत विचारलं, "पातं नवं आहे ना?"

"साहेब, एकच दाढी झालीय त्यावर!" कारागीर दुखावला. "आणि तुरटी आहे की!"

तुरटीनं रक्त थांबतं, कबूल. पण काविळीच्या 'बी' विषाणूला तिचं काय भय? शरीराबाहेरदेखील तो निदान ७ दिवस तग धरतो. आमचे पाहुणेसुद्धा चौथ्या दिवशी निघतात हो!

बरं, नियम नाहीत असंही नाही. करोनामुळे बंद असलेली ही दुकानं महाराष्ट्रात २८ जून २०२० ला उघडली, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकामागे खुर्ची पुसायची, टॉवेल एकदा वापरून फेकायचा, आणि दाढी तर बंदच, असा हुकूम होता. आज माझ्या गळ्यात पुन्हा तोच ओलसर, सार्वजनिक टॉवेल आहे.

पण कारागिराला एकट्याला का बोला? तपासायला कोणी फिरकत नाही, आणि आम्ही! कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून घेणारे आम्ही चहाहून स्वस्त पात्यासाठी तोंड उघडत नाही. अर्थात वस्तरा गळ्यावर टेकल्यावर वाद घालणं अवघडच.

शेवटी मी घरून पातं नेलं. त्यानं ते मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्यात बसवलं आणि उरलेलं जपून कागदात गुंडाळलं.

"ते कुणाला?"

"पुढच्या साहेबांना. तेही तुमच्यासारखेच किरकिरे आहेत."