तट बांधायचा की पाट खणायचा?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, देशाने संरक्षणावर किती आणि शेती, शाळा, दवाखान्यांवर किती खर्च करावा, हा प्रश्न आपण मोठ्यांचा म्हणून बाजूला ठेवतो. माझ्या मते तो पाचवीच्या वर्गातच घ्यावा. त्यासाठी आपल्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव पुरेसं आहे.

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनं, ताम्रपाषाण काळातलं शेतकऱ्यांचं गाव तिथे सापडलं. उत्खनन करणाऱ्यांच्या मते जोर्वे काळात (साधारण इ.स.पू. 1400 ते 1000) इथल्या लोकांनी पाण्यासाठी पाट खणला, धान्याचं कोठार बांधलं आणि तटबंदी व खंदकही केला. गाव लहान, हात मोजके. जो माणूस तटावर, तो त्या दिवशी पाटावर नाही.

आता वर्गात 20 चिंचोके घ्या. एक चिंचोका म्हणजे एक घर. तटाच्या चार बाजू. प्रत्येक बाजूला 5 घरं लागतात. आकडे अर्थात खेळापुरते. सगळी घरं पाटावर असतील तर 50 वाफे भिजतात. तटाची एक बाजू बांधली तर 45, दोन बांधल्या तर 36, तीन बांधल्या तर 22 आणि चारही बांधल्या तर शून्य. मुलांना वजाबाकी करू द्या: पहिली बाजू 5 वाफ्यांना पडली, दुसरी 9, तिसरी 14 आणि चौथी 22 वाफ्यांना! असं का? आधी बांधकामात तरबेज घरं तटावर गेली. शेवटी पाट खणण्यात तरबेज असलेल्यांनाही तिकडे न्यावं लागलं. मोठ्या वर्गात यालाच ‘उत्पादन शक्यता वक्र’ म्हणतात.

मग विचारा, 5 घरं नुसती बसून राहिली तर? तेव्हा वाद तट की पाट हा नाहीच. आधी रिकाम्या हातांना काम द्या.

देशाचंही असंच असतं. 1962 च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 1961-62 ते 1963-64 या दोन वर्षांत संरक्षण खर्च दुपटीहून जास्त झाला. 1965 मध्ये युद्ध आणि धान्यटंचाई एकदमच आली. अमेरिकेचा गहू येत होता आणि लालबहादूर शास्त्री लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगत होते. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा तेव्हाची. दोघंही हवेत, पण दोघांसाठी लागणारा पैसा एकाच तिजोरीतून येतो.

काही जण म्हणतील, वर्गात फौजींची मुलं आहेत, त्यांना वाईट वाटेल. मला तसं वाटत नाही. तट नसेल तर भरलेलं कोठार लुटलं जाऊ शकतं, हेही याच खेळात कळतं. आणि पाट नसेल तर तटाआड राखायला दाणेच नसतात. शिवाय यंदाचा पाट पुढच्या वर्षी जास्त धान्य देतो, म्हणजे पुढचा तट बांधायलाही बळ देतो.

आपण उत्तर सांगू नये. किती तट, किती पाट, हे मुलांच्या गटांना ठरवू द्या. फक्त एक अट ठेवा: जे निवडलं त्यासाठी काय सोडलं, तेही फळ्यावर लिहायचं. उद्या हीच मुलं मतदार होतील. घोषणा ऐकल्यावर ‘याची किंमत काय?’ असं विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे, तो साधा हिशेब आहे.