तिला बोलू द्या : तळोज्याला कळकळीचं आवाहन

तळोजा एमआयडीसीतल्या कारखानदारांनो, ठेकेदारांनो, सुपरवायझर बंधूंनो,

बाई काही विचारायला आली की चारचौघांत तिच्यावर खेकसणं उद्याच्या पहिल्या शिफ्टपासून बंद करा.

पॅकिंग लाईनवरची एखादी मुलगी बघा. पाकिटाचं सील नीट बसत नाही, हे तिच्या बोटांना लगेच कळतं. पण मागच्याच आठवड्यात शेजारणीने असं काही सांगितलं, तेव्हा "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको" हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं. ती मुकाट्याने पाकीट पुढे सरकवते. माल परत आला की खापर तिच्यावर आणि वर शेरा, "बायकांचं कामात लक्ष नसतं." अशा जागी शिकण्याची उमेद किती दिवस टिकेल?

तळोज्यात रसायनं, औषधं, मासळीवर प्रक्रिया, सगळं शेजारी शेजारी चालतं. इथे वेगळा वास आला, हातमोजा फाटला, ओल्या फरशीवर उघडी वायर दिसली, तर ते त्याच क्षणी सांगता आलं पाहिजे. गप्प बसण्याची किंमत इथे जिवाने मोजावी लागते.

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चालणाऱ्या गटांतच चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथल्या परिचारिका चूक लपवत नव्हत्या. तुमच्या रजिस्टरमध्ये चुका शून्य असतील तर खूश होऊ नका, चौकशी करा.

आणि लैंगिक छळाचं काय? त्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे. अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. समिती नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. ठेकेदाराकडची बाईसुद्धा या कायद्यात येते. "ती आमची नाही" म्हणून हात झटकता येणार नाहीत. समितीचा आदेश दर्शनी जागी लावायचा असतो, साहेबांच्या कपाटात ठेवायचा नसतो.

भगिनींनो, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

घरच्यांनाही हात जोडून विनंती. तिने कामावरचा त्रास सांगितला की "मग सोड ते काम" हे पहिलं वाक्य नको. त्याच भीतीने कित्येक जणी घरीही बोलत नाहीत. आधी सगळं ऐकून घ्या, मग तिला काय करायचंय ते तिलाच विचारा.

कारखानदारांनो, पुढच्या पगाराच्या आत समितीची नावं मराठीत आणि हिंदीत गेटवर लावा, आणि ठेक्यावरच्या प्रत्येक बाईला ती वाचून दाखवा.