जुन्या गाडीची नाडी

तुमच्या दारातली पेट्रोलची गाडी एक-दीड लाख किलोमीटर फिरलेली असेल, तर तिची आणि तुमची आता चांगलीच ओळख झालेली असणार. कोणतं दार जोरात ओढावं लागतं, सकाळी सेल्फ किती वेळ धरावा लागतो, सगळं तुम्हांला पाठ असतं. गॅरेजमध्ये गेल्यावर मात्र आपण "जरा आवाज येतोय, बघा ना," एवढंच सांगतो. मग तिथं जे सांगतील ते खरं! वास्तविक आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, वळताना येतो की ब्रेक दाबताना, एवढं सांगता आलं तरी अर्धं निदान झालं म्हणायचं. नको त्या वस्तू बदलण्याचा खर्चही मग वाचतो.

सुरुवात अगदी सोपी. रात्री गाडी उभी केलीत की इंजिनाखाली खोक्याचा एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी त्यावरचे डाग बघा. एसी लावून आल्यानंतरचं स्वच्छ पाणी असेल तर काळजी नको, ते एसीचंच असतं. तपकिरी किंवा काळा तेलकट डाग इंजिन ऑईलचा. हिरवट किंवा गुलाबी, किंचित गोडसर वासाचा डाग कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर तेल सांडलेलं दिसलं तर ते ब्रेक ऑईल असू शकतं. अशी गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा. पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फही मारू नका.

आता जुन्या गाडीचं सगळ्यात महागडं दुखणं, गाडी तापणं. ते समजून घ्यायला आपला कुकर पुरे. झाकण घट्ट असल्यामुळे कुकरमध्ये दाब तयार होतो आणि पाणी शंभर अंशांच्या पुढे गेल्यावर उकळतं. रेडिएटरचंही तसंच. त्याच्या झाकणालाही रबर आणि स्प्रिंग असते. कुकरची रिंग जुनी झाली की वाफ फुसफुसते, तसं हे रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. झाकण स्वस्त असतं. मात्र तिकडे लक्ष दिलं नाही तर इंजिनाचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि "बाई, इंजिन खोलावं लागेल" हे वाक्य ऐकायची पाळी येते.

काटा कधी चढतो हे नीट पाहा. सिग्नलला, गर्दीत चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो? मग बहुधा पंखा फिरत नाही. त्याचा फ्यूज किंवा मोटर तपासायला सांगा. उलट, हायवेवर किंवा घाटात चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदला असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं की गिझरच्या कॉईलवर बसतो तसा क्षार आतही बसतो. म्हणून कूलंटच घाला, आणि ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरनं. काही गाड्यांना काटाच नसतो, नुसता लाल दिवा लागतो. तो लागला की घर दोनच मिनिटांवर असलं तरी थांबायचं.

थांबायला जागा शोधेपर्यंत एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर सोडा. मे महिन्यात हा सल्ला वेडेपणाचा वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. मग इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास वाट पाहा. गरम झाकण उघडू नका, चेहरा भाजेल. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका.

सकाळी गाडी सुरूच होत नाही, नुसतं टकटक होतं आणि दिवे मिणमिणतात, ही तक्रार बॅटरीची. पण लगेच नवी आणायला धावू नका. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमलीय का ते आधी बघा. हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, कारण धातू चुकून दोन टोकांना टेकला तर चांगलाच भाजतो. वजा चिन्हाची वायर आधी सोडा, मग अधिकची. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं टोकं घासा, कोरडी करा, वायरी जोडताना वजाची शेवटी लावा आणि वरून व्हॅसलीन चोळा. एवढं करूनही बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजून मागा. ते साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट हवं. कमी भरलं तर दोष बहुधा अल्टरनेटरचा, बॅटरी बदलून काय उपयोग!

धुराचंही थोडक्यात सांगते. थंडीत सकाळी दोन मिनिटं पांढरी वाफ निघते, ती असू द्या. दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर गॅस्केट पाहा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. काळ्या धुरासाठी आधी एअर फिल्टर बघायला सांगा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. ब्रेक दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज आला की पॅड संपत आलेत. खरखर ऐकू आली तर लोखंड लोखंडाला घासतंय. पेडल खाली खाली जात असेल तर मुलांना शाळेत सोडायला त्या दिवशी रिक्षा करा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट वाजली तर बहुधा एक्सलचा सांधा गेलाय, पण खड्ड्यांतल्या खडखडाटाला पुष्कळदा छोटे रबरी बुशच कारण असतात.

गॅरेजमधून गाडी आणताना बदललेले जुने भाग परत मागा. मागायचा संकोच कशाला? आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटची चार पानं गाडीसाठी ठेवा, तारीख, किलोमीटर आणि झालेलं काम लिहायला. पुष्कळ गाड्यांत टायमिंग बेल्ट रबरी असतो. तो आधी काहीच सूचना न देता तुटतो आणि काही इंजिनांत वाल्व्हही वाकवतो. कितव्या किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. गाडी जुनीच घेतलेली असेल आणि बेल्टची नोंद कुठेच सापडत नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा आणि पुढच्या लांबच्या प्रवासाआधी नवा बसवून घ्या.