परगांवचें जेवण

घराबाहेर जेवण्याचा प्रसंग हौसेनें येतो तेव्हां त्याची गोष्ट वेगळी आणि गरजेनें येतो तेव्हां वेगळी. पहिल्या प्रकाराविषयीं लिहिणारे हल्लीं उदंड झाले आहेत. कोणत्या शहरीं कोणत्या गल्लींत झणझणीत मिसळ मिळते याची बित्तंबातमी आमच्या नातवंडांस तोंडपाठ असते. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष नाहीं. म्हणून या महिन्यांत वाचकांची परवानगी घेऊन आम्ही तो विषय हातीं घेत आहों.

गेला पावसाळा सरल्यावर जमिनीच्या मोजणीच्या कामासाठीं आम्हांस सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं तीन दिवस राहावें लागलें. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ध्यानांत घेतां तीन दिवस म्हणजे आमचें भाग्यच म्हणावयाचें. कचेरीसमोर एक भोजनालय होतें. त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण तसलीं दुसरीं शंभर भोजनालयें आपल्याकडे कोठेंही सांपडतील. दारावर पाटी होती : "घरगुती जेवण मिळेल."

पहिल्या दिवशीं दुपारीं बाराच्या सुमारास आम्ही आंत जाऊन बसलों. टेबलावर मागल्या जेवणाऱ्याचीं शितें तशींच होतीं. एका मुलानें काळ्या पडलेल्या फडक्यानें तीं आमच्या मांडीच्या रोखानें लोटलीं, आणि चारही पेल्यांत एकेक बोट बुडवून आणलेलें पाणी समोर आदळलें. पाऊण तासानें ताट आलें. पोळ्या सकाळीं लाटून रचून ठेवलेल्या, कडेनें कडक व मध्यें ओलसर. आमटी म्हणून जें होतें त्यावर तांबड्या तेलाचा जाड तवंग. खालीं डाळ होती कीं नाहीं, याचा निर्णय आम्हांस तीन दिवसांत लावतां आला नाहीं. बटाट्याची भाजी आंबूस लागली, ती बाजूस सारली. भात तेवढा ऊन होता, पण त्यांत कणी राहिलेली. मीठ मागितलें तें भात संपल्यावर आलें. लिंबाची फोड मागितली, तर "लिंबू महाग झालंय, बाबा," असें उत्तर मिळालें.

येथपर्यंतची तक्रार कोणीही करील, आणि ती फार मोठी नव्हे. भाकरी, ठेचा आणि ताक यांवर आम्हीं पुष्कळ दिवस आनंदानें काढले आहेत. साधेपणाचा आम्हांस कंटाळा नाहीं. परंतु त्या तीन दिवसांत आम्ही तेथें पांच वेळां जेवलों, आणि पांचही वेळां आमच्या ताटाकडे कोणीं एकदां वळून पाहिलें नाहीं. खरी तक्रार ती.

मराठींत पानांत अन्न घालण्यास आणि मुलाची उंची चढण्यास आपण एकच क्रियापद वापरतों : वाढणें. वाढणारा म्हणजे नुसता ताट आणून ठेवणारा नव्हे. पंगतींत वाढप्याची नजर पानांवर फिरत असते. कोणाची कोशिंबीर संपली, कोणीं भाताला हात लावला नाहीं, कोण संकोचानें 'पुरे' म्हणत आहे आणि कोणाचें खरोखरच पुरे झालें आहे, हें त्यास कळतें. आपल्या घरांतून हें ज्ञान मुलींस, आणि आतां मुलांसही, न शिकवितां येतें. पानाची मांडणीही त्याच शहाणपणाची. मीठ वर मध्यें, शेजारीं लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी व आमटी : जें बेतानें खावयाचें तें डावीकडे, आणि ज्याकडे हात वारंवार जातो तें उजवीकडे. त्या भोजनालयांत खणांचें ताट होतें. पहिल्या दिवशीं लोणचें भाताच्या खणांत होतें, दुसऱ्या दिवशीं भाजीवर. तिसऱ्या दिवशीं तें नव्हतेंच.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आमच्या समोर एक तरुण येऊन बसला. मूळचा परभणीकडचा, पंचायत समितींत कारकुनीवर लागून आठ महिने झालेले. महिन्याचे पैसे आगाऊ भरून दोन्ही वेळ तेथेंच जेवत असे. त्यानें खिशांतून एक पुडी काढली. तींत घरून आलेली जवसाची चटणी होती. ती त्यानें आधीं आमच्या ताटांत घातली व मग स्वतः घेतली. त्या तीन दिवसांत आम्हांस कोणीं वाढलें असेल तर तें एवढेंच. पुढें त्यानें आणखी भात मागितला, तेव्हां मुलगा न थांबतां म्हणाला, "लिमिटेड आहे." तरुण कांहीं बोलला नाहीं. बोलून जाणार कोठें? चालत जाण्याजोग्या अंतरावर दुसरी खानावळ नाहीं, आणि महिना अर्धा राहिलेला. रविवारीं रात्रीं भोजनालय बंद असतें, असें त्याच्याकडूनच कळलें. "मग त्या रात्रीं काय करतां?" असें आम्हीं विचारलें. "बिस्किटं असतात, गुरुजी," तो म्हणाला. आम्ही शिक्षक होतों हें आम्हीं त्यास सांगितलें नव्हतें. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरून त्यानें ओळखलें असावें.

चौथ्या दिवशीं आम्ही घरीं परतून वरणभातावर तूप घेणार होतों. तो तेथेंच राहणार होता. ज्या वाचकांचीं कुटुंबें अजून एकत्र आहेत त्यांच्या घरीं रोज दहा-बारा पानें मांडलीं जात असतील. पण त्याच घरांतील एखादा मुलगा वा मुलगी या घटकेस कोठल्या तरी परगांवीं अशाच टेबलाशीं बसलेली असेल. आपण फोनवर विचारतों, "जेवलास का?" आणि तो "हो" म्हणतो.

पूर्वीं गरीब विद्यार्थ्यांस वार लावून जेवण्याची चाल होती. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. त्यांत ओशाळेपण पुष्कळ असे, आणि त्या चालीचे गोडवे आम्ही गाणार नाहीं. तरी वाराचा मुलगा आला नाहीं तर त्याची चौकशी होई. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व घांटावरून आलेल्या एकट्या कामगारांस घरोघरच्या बायका महिनेवारीनें जेवूं घालीत. कामगार पैसे महिन्यानें देणार. वाण्याची उधारी व सावकाराचें व्याज मात्र तोंवर थांबत नसे. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अशा बायकांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें व त्यांस बँकांकडून कर्जें मिळवून दिलीं. एवढ्याशा खोलींत चाललेला तो व्याप. जेवणारा कोणत्या पाळीवरून येतो आणि त्यास तिखट सोसतें कीं नाहीं, हें ठाऊक असल्यावांचून त्या बाईचा धंदा चालणेंच शक्य नव्हतें.

आतां कायदे पुष्कळ झाले आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं अशा प्रत्येक व्यावसायिकास नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो, व त्यावरील चौदा आंकडी क्रमांक गिऱ्हाइकास दिसेल असा लावावा लागतो. या भोजनालयांत तो होता. गणपतीच्या तसबिरीशेजारीं, त्याच उदबत्तीच्या धुरांत. तळणाच्या तेलावरही १ जुलै २०१८ पासून मर्यादा आहे. त्यांतील ध्रुवीय संयुगें शेंकडा २५ हून अधिक झालीं कीं तें पुन्हां वापरतां येत नाहीं. कढईंतील तेलाचा रंग पाहून आम्हांस या नियमाची आठवण झाली. हिशेब एका चिटोऱ्यावर आला. त्यांत ५ टक्के कर वेगळा लावलेला. साध्या भोजनालयांस वस्तु व सेवा कराचा हा दर १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे खरा. पण जो आपसमेळ योजनेंत गेला असेल त्यास हा कर गिऱ्हाइकाकडून निराळा घेतां येत नाहीं, आणि जो घेतो त्याच्या पावतीवर नोंदणीचा क्रमांक लागतो. आम्हीं क्रमांक विचारतांच मालकांनीं ती रक्कम मुकाट्यानें खोडली, आणि आमच्या देखत पुढच्या गिऱ्हाइकाच्या चिटोऱ्यावर लिहिली. पेल्यांत बोट बुडवूं नये किंवा भुकेल्या मुलाशीं कसें बोलावें, हें मात्र कोणत्याही पावतीवर लिहून घेतां येत नाहीं.

मालक वाईट गृहस्थ नव्हते. शेवटल्या दिवशीं गर्दी ओसरल्यावर ते आपण होऊन बोलूं लागले. आचारी पुण्यास निघून गेला. मुलें दिवाळीपर्यंत टिकत नाहींत. सिलिंडरचा भाव कोठें जातो तें आम्हांस ठाऊकच आहे. पूर्वीं त्यांची पत्नी स्वतः रांधीत असे व वाढीतही असे. गुडघे धरल्यापासून तिचें येणें बंद झालें. दारावरची पाटी तेव्हांची.

आम्हीं त्यांस एवढेंच सुचविलें, कीं टेबलावर मिठाचें भांडें आणि पातळ कां होईना, एक तांब्या ताक ठेवावें. आणि महिन्याचे पैसे भरणाऱ्यांस भाताला नाहीं म्हणूं नये, तो खर्च हवा तर दरांत धरावा. "बघू," ते म्हणाले, आणि पुन्हां हातांतल्या फोनकडे वळले.

घरीं आल्यावर ही हकीकत ऐकून आमच्या सुनेनें लिंबाच्या लोणच्याची एक बरणी त्या तरुणाच्या पत्त्यावर पाठविली. ती नऊ दिवसांत संपल्याचें त्यानें परवां कळविलें. एकट्यानें खाणें बरें दिसेना म्हणून तो बरणी टेबलावर ठेवूं लागला. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या टेबलांवरून हात पुढें येऊं लागले, आणि पांचव्या दिवशीं मालकांनीं स्वतः उठून येऊन एक फोड मागून घेतली. दुसरी बरणी उद्यां रवाना होईल. ती थोडी मोठी घेतली आहे.