मैदान कोणाचे?

अमेरिकन माणसाला फुटबॉल म्हटले की हातात धरून पळण्याचा लांबट चेंडू आठवतो. पायाने खेळल्या जाणाऱ्या खेळाला तेथे 'सॉकर' हे निराळे नाव आहे आणि दीर्घकाळ तो परक्यांचा खेळ समजला गेला. फॉल रिव्हरच्या कापड गिरण्या आणि बेथलेहेमचे पोलाद कारखाने येथे पोटासाठी आलेल्या कामगारांनी तो रुजविला. प्रतिष्ठितांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

२९ जून १९५० रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे विश्वचषक स्पर्धेत अमेरिकेने बलाढ्य इंग्लंडला एक-शून्य असे हरविले. तो संघ कोणाचा होता? वॉल्टर बाहर हे शाळामास्तर. गोलरक्षक फ्रँक बोर्गी शववाहिका चालवी. बाहर मास्तरांनी मारलेल्या चेंडूला डोक्याने दिशा देऊन गोल करणारा जो गेटजेन्स हा हैतीहून न्यूयॉर्कला हिशेबशास्त्र शिकायला आलेला, उपाहारगृहात भांडी विसळून खर्च भागविणारा विद्यार्थी. (पुढे १९६४ मध्ये हैतीच्या हुकूमशाहीने त्याला उचलून नेले, तो परतला नाही.)

आज त्याच देशात मुलाला चांगल्या क्लबात खेळवायचे तर पालकांना वर्षाकाठी भरभक्कम शुल्क मोजावे लागते. गिरणी कामगारांचा खेळ सुखवस्तू उपनगरांचा झाला. खेळ बदलला नाही. मैदानाला दार बसले आणि दारावर तिकीट आले.

आपल्याकडे हे घडू नये असे वाटत असेल तर नागपूरकडे पाहावे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतील मुले फुटकी बादली लाथाडीत खेळताना दिसली. त्यांनी मुलांच्या हाती चेंडू दिला आणि २००१ मध्ये 'स्लम सॉकर' उभे राहिले. २०२२ च्या 'झुंड' चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली. परंतु टाळ्या वाजवून घरी गेलेल्या आपणांपैकी कितीजणांनी आपल्या गावच्या मैदानाची चौकशी केली? कोल्हापुरात तालमींनी आणि पेठांनी हा खेळ सांभाळला, तो कोणाच्या अनुदानाची वाट पाहून नव्हे.

लाखनी परिसरात धान निघाले की रिकाम्या बांध्या हेच मुलांचे मैदान. ती सोय हंगामापुरती. गाव वाढते तसतशी रस्त्यालगतची मोकळी जागा गाळ्यांना जाते आणि उरते ते शाळेचे पटांगण. त्याला मात्र सायंकाळी कुलूप असते. शारीरिक शिक्षणाची तासिका गणिताला दिली जाते, आणि चेंडू तपासणीच्या दिवसापुरता कपाटाबाहेर येतो. शहरांत तर आता कृत्रिम हिरवळीची मैदाने तासावर भाड्याने मिळतात. हमालाच्या वा शेतमजुराच्या मुलाने तेथे काय द्यावे?

शाळांची पटांगणे सायंकाळी दोन तास, मुलामुलींना सारखीच आणि विनाशुल्क खुली असावीत, एवढीच मागणी आहे. मुलींसाठी निदान दोन वार राखून ठेवावे लागतील. नाहीतर त्या कुंपणाबाहेरच उभ्या राहतील. अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, असे मुख्याध्यापक विचारतील. प्रश्न रास्त आहे. शाळा व्यवस्थापन समिती आणि नगरपंचायत यांनी ती लेखी वाटून घ्यावी, नव्या सत्रापूर्वी घ्यावी, आणि किल्ली कोणाकडे राहील हेही त्याच कागदावर नमूद करावे.