गुलाबी बोंडअळी : आरोपी शेतकरीच कसा?

१/ बीटी कापसाच्या अपयशाची चर्चा निघाली की निकाल आधीच लागलेला असतो : शेतकऱ्याने रेफ्युजी लावली नाही, म्हणून गुलाबी बोंडअळी माजली. या निकालात या किडीचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास विचारातच घेतलेला नाही.

२/ ही अळी शास्त्रात प्रथम नोंदली गेली ती हिंदुस्थानातूनच. कंपनी सरकार भडोचमध्ये अमेरिकन कापूस रुजवू पाहत असताना तो पोखरणाऱ्या किडीचे नमुने इंग्लंडला गेले आणि १८४३ साली विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. सरकीत दडून ती विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तला पोहोचली, तेथून १९११ मध्ये मेक्सिकोला, १९१७ मध्ये टेक्सासला. (‘अमेरिकन’ हे बिरुद मात्र मराठीत दुसऱ्याच, हिरव्या बोंडअळीला चिकटले!)

३/ इजिप्तने सरकी तापवून आतील अळ्या मारण्याची सक्ती केली. हंगाम आटोपता घ्यावा, पऱ्हाट्या नष्ट कराव्यात, मध्ये काही काळ शेतात कापूसच असू नये, हे उपायही तेव्हापासूनचे. कारण साधे : ही अळी जवळजवळ केवळ कापसावरच जगते. उपासमार हेच तिच्यावरचे सर्वांत जुने औषध.

४/ आता २००२ पाहा. बीटी जनुक भारतात आले ते संकरित वाणांतून. इतर बहुतेक देशांनी ते सरळ वाणांत घातले होते. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, व्यापाराची सोय त्यात उघड आहे. पण या संकरांपैकी अनेक दीर्घ मुदतीचे. डिसेंबरनंतरही फरदड उभी, म्हणजे अळीची पंगत चालूच. शिवाय अशा संकराच्या एकाच बोंडात काही बिया विषारी, काही निर्विष निघतात. प्रतिकारशक्ती कमावण्यासाठी अळीला याहून चांगली शाळा कोणती मिळणार?

५/ आरोपात तथ्य नाही असे नव्हे. ४५० ग्रॅम बीटीसोबत मिळणारे १२० ग्रॅमचे नॉन-बीटी पाकीट बांधावर फेकले गेले, हे खरेच. त्या बियाण्याच्या दर्जाविषयी तक्रारी होत्या, आणि दोन-चार एकरवाल्याने अळीला खाऊ घालण्यासाठी ओळी राखाव्यात ही अपेक्षाच धाडसी होती. परंतु त्याच शेतकऱ्याने, त्याच रेफ्युजीविना वाढवलेल्या कापसावरची हिरवी बोंडअळी बीटीला अद्याप बव्हंशी बळी पडते. ती तूर-हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिला नैसर्गिक आश्रय मिळाला. गुलाबीला तो नव्हता. हा भेद कीटकशास्त्रज्ञांना ठाऊक होता; धोरण आखणाऱ्यांनी दोन्ही अळ्यांना एकाच मापाने मोजले.

६/ गुजरातमधील प्रतिकारक्षम अळ्यांची कबुली खुद्द मोन्सॅन्टोने २०१० मध्ये दिली. उत्तर म्हणून पुढे करण्यात आले दोन जनुकांचे बियाणे, जे २००६ पासून बाजारात होतेच आणि तेही संकरितच होते. हंगामाची लांबी कोणी कमी केली नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कापूस या अळीने पोखरला.

७/ दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तेथेही बीटी होतेच. सोबत वंध्य पतंग सोडणे, गंध-सापळे आणि पऱ्हाट्या वेळेवर गाडणे होते. त्या मोहिमेचा खर्च आणि शिस्त एकेकट्या शेतकऱ्यावर सोडलेली नव्हती.